बाई शांत झाल्या

झाशी, ५ मार्च १९६१

शशिकांत,

वर 'चि.' लिहिलेलं नाही. विसरले नाही, लिहिलेलं नाही. आशीर्वादही नाहीत. ते देणारी गेली.

तुझं कार्ड मिळून बरेच दिवस झाले. तेरावं होईपर्यंत हातात लेखणी धरायची नाही असं ठरवलं होतं, मग शाळेच्या परीक्षा आल्या. आज रविवारची सवड काढून लिहिते आहे, कारण न लिहिता सोडून द्यावं असं ते कार्ड नाही.

ते बाईच्या दहाव्याच्या दिवशी आलं. हरिभाऊ घाटावरून नुकताच परतला होता. मामांचा हरिभाऊ, ज्याच्या मराठीला तू लहानपणी हसायचास, त्यानं तुझ्या आईला अग्नी दिला आणि तुझ्याऐवजी डोक्यावरचे केस उतरवले. ओल्या पंच्यानं डोकं पुसत तो दारात बसला होता. पोस्टमननं कार्ड त्याच्याच हातात दिलं आणि त्यानं ते मोठ्यानं वाचलं. घर माणसांनी भरलेलं होतं. तू लिहिलेलं तुलाच पुन्हा वाचायला लावते:

'बाई शांत झाल्याचं तारेनं कळलं. फार बरं वाटलं. जिवाला घोर लागला होता. आता तुलाही झोप मिळेल. कमळाही म्हणाली, सुटल्या बिचाऱ्या. इथं कचेरीत वर्षअखेरीची कामं आहेत, रजा अवघड. मे महिन्यात मुलांच्या परीक्षा झाल्या की सगळेच येऊन जातो.'

फार बरं वाटलं!

हरिभाऊनं कार्ड उलटं करून पाहिलं, मागे आणखी काही आहे का म्हणून. मग म्हणाला, "साहेब लोक आहेत, भानू. त्यांचं असंच असतं." शेजारच्या मिश्राइन बसल्या होत्या. त्यांना मराठी कळत नाही. त्यांनी विचारलं, "भैया ने का लिखो है?" मी म्हटलं, "कुछ नहीं. आ नहीं पाएँगे." त्यांनी मान हलवली आणि पदर डोळ्यांना लावला. त्यांना वाटलं, तू तिकडे रडत असशील.

जिच्या जाण्यानं तुला बरं वाटलं ती कोण होती, हे तू विसरलेला दिसतोस. मी सांगते. तेरा दिवस घरात येणारा प्रत्येक जण तिच्याविषयी बोलत होता आणि मी ऐकत होते. आता तू ऐक.

ती गुरसरायची. जहागिरीची दप्तरं सांभाळणाऱ्या कारकुनांच्या घरची अनुसूया. त्या घरानं आपली मुलगी आगगाडीच्या गार्डाला दिली म्हणून भावकीतले लोक लग्नात जेवले नाहीत. आपले दादा कोकणातून आलेले, इकडे ना जमीन ना नातलग. एक शिट्टी आणि दोन झेंड्या. बाई पहिल्यांदा गाडीत बसली ती मोठ गावच्या स्टेशनावर, लग्नानंतर झाशीला येताना. बसली ती इंजिनाकडे पाठ करून. दादा म्हणाले, "तोंड पुढे करून बैस, चक्कर येईल." ती म्हणाली, "येऊ दे. मुलूख दिसतो आहे तोवर बघते." नवऱ्याशी बोललेलं तिचं ते पहिलं वाक्य. दादा हे सगळ्यांना सांगून हसायचे म्हणे. मला त्यांचं हसणं आठवत नाही.

धुक्याच्या सकाळी यार्डात मालगाडीच्या दोन वाघिणींच्या मध्ये दादा सापडले. तू रांगत होतास. मला एवढंच आठवतं, की निरोप घेऊन माणूस दारात उभा होता आणि बाईनं चुलीवरचा भात उतरवला, त्यावर झाकण ठेवलं, आणि मग बाहेर गेली. क्वार्टर रिकामं करायला सांगितलं गेलं. मामा गुरसरायहून बैलगाडी घेऊन आले. "चल, अनू. दोन घास तिथेही मिळतील." बाई म्हणाली, "मिळतील, पण वाढणाऱ्याच्या तोंडाकडे बघून खावे लागतील." बैलगाडी रिकामी परत गेली.

मग लक्ष्मी गेटातल्या या दोन खोल्या. लोको शेडमधली मराठी पोरं, साताऱ्याची, खानदेशातली, गव्हाच्या मुलखात येऊन भातासाठी हपापलेली. ती दोन्ही वेळा जेवायला यायची. तू पाटांच्या मधून धावायचास आणि सगळे तुला आपल्या ताटातलं भरवायचे. तानाजी फिटर आठवतो का? काळा, दांडगा, नेहमी खोड्या काढणारा. "बाई, आज आमटीत गूळ कमी पडला. पुण्याची चव नाही आली." बाई पळीनं आणखी वाढत म्हणायची, "मग पुण्यास जाऊन जेवा. इंजिन तुमच्याच शेडातून सुटतं." पोरं हसून हसून ठसकायची. तोच तानाजी आता म्हातारा होऊन काठी टेकत आला होता. खांदा देता येईना, म्हणून तिरडीला नुसता हात लावून गल्लीच्या तोंडापर्यंत चालला.

मला तिनं ग्वाल्हेरला कॉलेजात घातलं. गल्लीतल्या बायका विचारायच्या, "बाई साब, बिटिया खों मेम बनाउने है का?" ती म्हणायची, "मास्टरनी बनाऊँगी. मेम को तो रोटी बेलना भी नहीं आता." मी बी. ए. झाले, शाळेत लागले. नागपूरचं स्थळ आलं. माणूस चांगला होता. बाई म्हणाली, "शशीचं शिक्षण होऊ दे, मग बघू." तुझं शिक्षण झालं. मग बघायचं राहून गेलं. तक्रार म्हणून लिहीत नाही. घडलं तसं लिहिते.

आणि पुणं. तुझ्या घरी ती एकदाच आली, थोरल्याच्या मुंजीला. त्या दिवशी पहाटेपासून पाट्यावर पुरण वाटत बसली होती. मी शेजारीच नारळ खवत होते. तुमच्या ओळखीच्या एक बाई स्वयंपाकघरात डोकावल्या आणि कमळेला म्हणाल्या, "नवी बाई का गं? कुठून मिळवलीस?" कमळा हसली आणि म्हणाली, "झाशीहून." एवढंच. पुढे काही नाही. बाईनं हात थांबवला नाही. इथं बाई म्हणजे मान. टांगेवालासुद्धा 'बाई साब' म्हणून घोडा आवरतो. तुमच्याकडे बाई म्हणजे भांडी घासायला येते ती. तू दारात द्रोण घेऊन उभा होतास. तू ऐकलंस. मी तुझ्याकडे पाहत होते.

मुंज उरकली तशी बाई मला म्हणाली, "भानू, तुझी शाळा उघडली असेल ना?" उन्हाळ्याची सुट्टी होती. मी म्हटलं, "हो. उघडली."

अस्थी अजून आहेत. देवळाच्या ओवरीत खुंटीला मडकं टांगलं आहे, तोंडाला पांढरं फडकं बांधून. तिनं सांगून ठेवलं होतं, "शशीच्या हातून. ओरछ्यास, बेतवेत." म्हणून मी त्या दहा दिवसांत सोडू दिल्या नाहीत. गुरुजी रागावले, रागावू दिलं. आता तुझं कार्ड वाचल्यावर वाट पाहण्यात अर्थ नाही. एप्रिलच्या अमावास्येला मी आणि हरिभाऊ जाऊन सोडून येतो. मुलांच्या परीक्षा होऊ देत. मे महिन्यात इथं कोणी येण्याची गरज नाही.

भानुमती


झाशी, १३ मार्च १९६१

शशिकांत,

आधी तुझी तार आली, मग पत्र. तार वाचून मी तारेवाल्याला दोनदा विचारलं, ही आमचीच का. 'काहीच माहीत नव्हतं. निघतो.' मी लगेच उलट तार केली, 'येऊ नये.' ती मिळाली असेल, कारण तू आलेला नाहीस.

आता पत्राविषयी. तू लिहितोस, बाई गेली हे तुला माझ्या पत्रातून कळलं. कचेरीत बसून फोडलंस, 'दहाव्याच्या दिवशी' इथपर्यंत आलास आणि कोणाचं दहावं ते कळेना म्हणून पुन्हा सुरुवातीपासून वाचलंस. तू लिहितोस, हरिभाऊच्या तारेत 'बाई शांत झाल्या' होतं, त्याचा अर्थ तू असा घेतलास, की वात उतरला, बडबड थांबली, झोप लागली. म्हणून बरं वाटलं. म्हणून कमळा म्हणाली, सुटल्या. म्हणजे तापातून.

माझा विश्वास बसत नाही.

तू पुण्यात जन्मलेला नाहीस. याच गल्लीत वाढलास. शेजारचे पंडितजी वारले तेव्हा मिश्राइन दारात येऊन काय म्हणाल्या? "पंडितजी शांत हो गए." तू नऊ-दहा वर्षांचा असशील. तेव्हा तुला कळलं होतं. पतंग खाली ठेवून तू मुकाट घरात आला होतास. लहानपणी कळलेला शब्द कोट-पाटलोण घातल्यावर कळेनासा होतो का?

शिवाय, झोप लागल्याची तार कोणी करतं? हा प्रश्न मी विचारणार हे तू ओळखलंस आणि उत्तर आधीच लिहून ठेवलंस: पहिल्या तारेत 'बाईंना वात, बडबड थांबत नाही, लवकर या' असं होतं, त्यामुळे दुसरी तार तिची खुशाली असावी असं वाटलं. ठीक आहे. दुसऱ्या तारेतला 'शांत' तुला कळला नाही. पहिल्या तारेत 'या' होतं. त्याचा अर्थ पुण्यात काय होतो?

तू विचारतोस, शेवटी बाई काय म्हणाली. ते मी लिहिणार नाही. तिथं असणाऱ्यांनी ते ऐकलं.

कमळेचंही पत्र मिळालं. 'झाशीहून' हे तिनं थट्टेनं म्हटलं होतं, मनात काही नव्हतं, असं ती लिहिते. मनात काही नव्हतं हे मला पटतं. अक्षर चांगलं आहे तिचं.

अमावास्येचं ठरलं आहे. त्यात बदल नाही.

भानुमती


झाशी, २२ मार्च १९६१

शशिकांत,

तुझ्या पत्रावर विश्वास नाही असं लिहून टाकलं, पण ते मनातून जाईना. मुलींचे पेपर तपासताना चुकीचं वाटलेलं उत्तर कधी पुन्हा पुस्तकात पाहावं लागतं, तसं झालं. तेव्हा पाहायचं ठरवलं.

रेल्वे कॉलनीत सिंधू म्हणून एक आहे. नवरा स्टेशनात कारकून, नाशिकहून बदली होऊन आलेत, अजून वर्ष झालेलं नाही. मुलगी माझ्या शाळेत. बाई आजारी असताना ती एकदा भेटून गेली होती, नंतर बहिणीच्या बाळंतपणाला नाशिकला गेली. परवा परत आली, तिला काहीच माहीत नव्हतं. मी मुद्दाम गेले. बसल्यावर तिनं विचारलंच, "बहनजी, बाईंचं कसं आहे हो? मी गेले तेव्हा फारच त्रासात होत्या."

मी हरिभाऊचेच शब्द वापरले. म्हटलं, "बाई शांत झाल्या."

"अगंबाई, फार बरं झालं!" तिनं चक्क हात जोडले. "वाताची बडबड बघवत नाही हो. आमच्या सासूबाईंचं असंच झालं होतं. आता जेवतात का थोडं? मऊ भात द्या त्यांना. थांबा, थांबा, घरचं मेतकूट आणलंय, देते बांधून. तूप सढळ घाला, बरं का, आणि लिंबू नको."

ती आत गेली. डबे उघडल्याचे आवाज येत होते. पुडी बांधता बांधता ती आतूनच बोलत होती, की अंगात ताकद यायला वेळ लागतो, या वयात घाई करायची नाही, उन्हात बसवा थोडं. तिच्या स्वरात लबाडी नव्हती, की उपकार नव्हता. तुझ्या कार्डातली वाक्यं मी पुन्हा ऐकत होते, फक्त दुसऱ्याच्या तोंडून. बाहेर आली तेव्हा मला सांगता येईना. मी पुडी घेतली आणि घरी आले. दुसऱ्या दिवशी तिला कुणीतरी सांगितलं. ती रडत आली, म्हणाली, "बहनजी, तुम्ही मला सांगितलं का नाही? मी किती काय बोलले!" मी तिला पाणी दिलं. मुलगी गणितात कच्ची आहे, तेवढं बोललो आणि ती गेली.

मग हरिभाऊकडे गेले. त्याचा राग पाहायला हवा होतास.

"काय चुकलं माझं? शांत झाल्या म्हणजे शांत झाल्या! दुसरं काय लिहायचं?"

"वारल्या लिहायचं."

"वारल्या?" त्यानं तो शब्द तोंडात घोळवून पाहिला. "तसं आम्ही नाही बोलत, भानू. किताबात असेल. मग काय, मेल्या लिहू? आपल्या आत्याबाईंना मेल्या लिहू मी? तारबाबूनं फॉर्म वाचला, लगेच खुर्चीवरून उठून उभा झाला. बोलला, 'राम राम, हमारी बाई साब?' त्याला समजलं ना? तो तर मराठी पण नाही! पुणेवाल्यांना समजलं नाही तर त्यांनी आपली मराठी तपासून घ्यावी."

आणि थोड्या वेळानं, आवाज उतरवून, "मी शशीला खबरच नाही दिली, असं झालं का गं?"

त्याच्या डोक्यावर नुकते केस उगवू लागले आहेत. पांढरे येताहेत.

रस्त्यानं परत येताना मला पुण्यातलंच आणखी एक आठवलं. मुंजीच्या आदल्या दिवशी बाई तुझ्या थोरल्याला मांडीवर घेऊन बसली होती. कोडकौतुक करता करता तुला म्हणाली, "शशी, पोरगा हुशार आहे. याला चांगली शिक्षा दे." पोर भोकाड पसरून आईकडे पळालं, मी काय केलं म्हणून. कमळेनं त्याला पोटाशी धरलं आणि बाईकडे अशी पाहू लागली, जशी काही चेटकीण पाहिली. शिक्षण म्हणायचं होतं तिला. तू हसलास, पण कुणाला समजावून सांगितलं नाहीस. मीही नाही. मी मराठीची मास्तरीण, मला तिची लाज वाटली होती. बाई दोघांच्या तोंडाकडे पाहत राहिली. मग त्या घरात ती कमी कमी बोलू लागली.

तेव्हा, दुसऱ्या तारेपुरती तुझी बाजू खरी निघाली. ते मी मान्य करते. मी लिहिलेल्या पत्रातून तुला आई गेल्याचं कळायला नको होतं, आणि तसल्या पत्रातून तर नकोच. तेही मान्य.

पहिल्या तारेचं मात्र काय? तिला उत्तर नाही. तू लिहितोस, बाई आधीही दोनदा आजारी पडली होती आणि उठली होती. तुला वाटलं, या वेळीही उठेल. मलाही तसंच वाटलं होतं. पण मी इथं होते.

भानुमती


झाशी, २ एप्रिल १९६१

शशी,

तू लिहिलंस, 'तू बोलावल्याशिवाय येणार नाही, पण शेवटी ती काय म्हणाली तेवढं सांग, मग पुन्हा काही मागणार नाही.' दोन पत्रांत दोनदा विचारलंस. मी टाळलं. टाळण्याचं कारण तुला वाटतं ते नाही. तुला शिक्षा म्हणून मी टाळत नव्हते. सांगितलं तर ते तुझं होईल, म्हणून टाळत होते.

आता सांगते.

वात चढल्यापासून ती फक्त तुझी वाट पाहत होती. दुसरं काही नाही. तिच्या डोक्यात तू कुठल्याशा गाडीत बसलेला होतास आणि ती गाडी उशिरा धावत होती. "शशीची गाडी आली का? विचारून ये स्टेशनात." उठायचा प्रयत्न करायची. "पाट मांडा, त्याला भूक सहन होत नाही." हरिभाऊला तिनं तारबाबू समजून हात जोडले. मला ओळखलंच नाही. माझ्याकडे पाहून म्हणायची, "बाईसाहेब, तुम्ही जाणारच आहात, तर बघता का जरा, माझा मुलगा उतरला का? गोरा आहे, उंच आहे." मला तुम्ही. मी तिचं अंथरूण बदलत होते, तोंडात पाणी घालत होते, आणि मी कोणी परकी बाईसाहेब होते, जिला एवढंच काम सांगायचं, की मुलगा उतरला का ते पाहून या.

मी दर वेळी खरं सांगत होते. "नाही, बाई. तार केली आहे. आला नाही." ऐकून ती आणखी खवळायची. हरिभाऊ म्हणाला, "अगं, सांगून टाक आला म्हणून. तिला काय समजतंय?" मी त्याच्यावर ओरडले. म्हटलं, तिच्याशी मी खोटं बोललेले नाही आणि बोलणार नाही. पुण्याहून परततानाची उघडलेली शाळा सोडली तर ते खरंच होतं.

शेवटच्या सकाळी हरिभाऊ वैद्यांना आणायला गेला होता. मिश्राइन पूजेला गेल्या होत्या. घरात मी एकटी. बाईचा आवाज खोल गेला होता. हात हवेत फिरत होता, काहीतरी धरायला. म्हणाली, "शशी?"

मी म्हटलं, "आलो, बाई."

'आले' नाही म्हटलं. 'आलो' म्हटलं. हजारो वह्यांत लिंगाच्या चुका लाल शाईनं खोडल्या आहेत मी, आणि ते तोंडातून असं सहज निघालं, की माझं मलाच परकं वाटलं नाही.

तिनं माझा हात धरला. चाचपून पाहिला. तुझा हात केवढा, माझा केवढा. पण तिनं तो सोडला नाही.

"जेवलास?"

"जेवलो."

"भानूनं वाढलं?"

"वाढलं."

ती थोडा वेळ नुसती श्वास घेत राहिली. मग म्हणाली, "दिवसभर उभीच असते ती. तिला म्हणावं, तू पण बैस आता."

त्यानंतर ती बोलली नाही. हात सैल झाला. वैद्य आले तेव्हा मी तशीच तिच्या उशाशी होते. ते कोणाला म्हणाले, काय म्हणाले, मला आठवत नाही. हरिभाऊ तसाच तारघराकडे गेला.

हे असं आहे. माझं नाव तिच्या तोंडी आलं, पण मी तू झाले तेव्हा. एवढं आयुष्य एका घरात काढल्यावर तिनं मला बैस म्हटलं, तेही माझ्याशी नाही, तुझ्याशी. याचा मला आनंद मानता येत नाही आणि राग धरायला माणूस उरलं नाही. तुझ्यावर धरला. तो तेवढाच काही तुझा नव्हता, हे लिहून ठेवते. पहिल्या तारेचा आहे, तो आहे.

आता अस्थींचं. गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, अमावास्येला चालेल, पण संकल्पाच्या वेळी मुलाचं नाव-गोत्र त्याच्या तोंडून हवं. हरिभाऊ म्हणाला, मी करतो, मी अग्नी दिलाय. मी त्याला नको म्हटलं. आणि घाटावर तुझ्या जागी मी पुन्हा उभी राहणार नाही. जे एकदा झालं ते बंद दाराआड झालं.

अमावास्येच्या आदल्या दिवशी पोचशील असा नीघ. कल्याणला गाडी बदल. स्टेशनावर मी येणार नाही, हरिभाऊ येईल. त्याच्याशी तारेबद्दल एक अक्षर बोलू नकोस. कमळेला यायचं असेल तर येऊ दे, माझी हरकत नाही. ओरछ्याला टांगा सांगून ठेवते.

अस्थी तू सोड. बाईनं माझ्यासाठी तुझ्याकडे जो निरोप दिला आहे, तो मला तुझ्या तोंडानं सांग. आणि मग त्याच दिवशीच्या गाडीनं परत जा.

भानुमती